बूमहावर काय म्हणाला?

विनोद शिकवणाऱ्याला विनोद कळतोच असे नाही, याचा पुरावा म्हणून आम्ही स्वतःलाच सादर करू शकतो. आम्ही दोघे एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात गेली वीस वर्षे शिकवीत आहोत आणि राहतोही एकाच घरात. तेव्हा या लेखातला ‘आम्ही’ आदरार्थी नाही, संख्यावाचक आहे. विनोदी वाङ्मयाचा अभ्यासक्रम कधी एकाकडे असतो, कधी दुसऱ्याकडे. टिपणे मात्र सामाईक. त्यांत प्रसंगनिष्ठ, स्वभावनिष्ठ आणि शब्दनिष्ठ हे तीन प्रकार आहेत. सुखात्मिका सामान्यांहून हीन माणसांचे अनुकरण करते, पण तिच्यातले व्यंग वेदना देणारे नसते, हे अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे आहे. दुसऱ्याचे न्यून दिसताच स्वतःच्या मोठेपणाचा जो एकाएकी साक्षात्कार होतो त्यातून हसू फुटते, ही हॉब्जची उपपत्ती आहे. आणि हसायचे तर हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते, हा बर्गसाँचा १९०० सालच्या ग्रंथातला सिद्धान्त आहे. विद्यार्थी हे सारे दहा गुणांसाठी लिहितात. आम्हीही ते बहुधा दहा गुणांपुरतेच समजून घेतले होते.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही टेक्सासात, डॅलसच्या एका उपनगरात, बहिणीकडे पाच आठवडे राहिलो. तेथे संध्याकाळी करण्यासारखे फारसे काही नव्हते. पायी जावे असे ठिकाण नाही, रस्त्यावर माणूस नाही आणि ऊन आपल्याकडच्या विदर्भाची आठवण करून देणारे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी भाची म्हणाली, “मामा, तुम्ही गावाकडचा विनोद शिकवता ना? मग हे बघा. हे इथलंच आहे.” आणि तिने ‘किंग ऑफ द हिल’ नावाची एक ॲनिमेशन मालिका लावली. कार्टून म्हटल्यावर आमच्या मनात ज्या अपेक्षा होत्या (उंदीर, मांजर, डोक्यावर आदळणारे वजन), त्यांतली एकही पुरी झाली नाही.

सुरुवातीलाच एक दृश्य येते आणि ते प्रत्येक भागाच्या आरंभी येते. घरांच्या मागची गल्ली, लाकडी कुंपण आणि कुंपणाला पाठ करून हातात बिअरचे डबे घेतलेले चार पुरुष. बाकीचे जग भराभर धावत असते. बायका येतात, मुले जातात, गाड्या सुटतात, ऊन सरकते. हे चौघे मात्र जागचे हलत नाहीत. एक जण ‘हं’ म्हणतो, दुसरा ‘हं’ म्हणतो, तिसरा नुसता हुंकार भरतो. बहिणीच्या दिवाणखान्यात बसून आम्ही दोघांनी एकदमच म्हटले, “अरे, हा तर पार!” वडाचे झाड तेवढे नव्हते.

मालिकेची माहिती थोडक्यात सांगतो. ती साहित्याच्या वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. माइक जज आणि ग्रेग डॅनियल्स हे तिचे कर्ते. पहिला भाग १२ जानेवारी १९९७ रोजी फॉक्स वाहिनीवर दाखवला गेला आणि २०१० पर्यंत तिचे तेरा हंगाम, एकूण २५९ भाग झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्याविषयी पुढे येईल. घडते ती टेक्सासातल्या आर्लन नावाच्या कल्पित गावात. हे गाव डॅलसजवळच्या गार्लंड, रिचर्डसन अशा ठिकाणांवरून बेतलेले आहे, म्हणजे आमच्या बहिणीच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. जज हे काही काळ त्या परिसरात राहिलेले. डॅनियल्स आधी ‘द सिम्पसन्स’ या मालिकेचे लेखन करीत. लेखकांच्या चमूला घेऊन ते टेक्सासात जात, तेथल्या माणसांशी बोलत, टिपणे काढत आणि मग कथा रचत. ग्रामीण साहित्याच्या संदर्भात आपण ‘अनुभवाची अस्सलता’ म्हणून जो शब्दप्रयोग सरसकट करतो, त्यासाठी एका विनोदी कार्टूनच्या लेखकांनी एवढी पायपीट करावी, याचे आम्हांला नवल वाटले.

नायक हँक हिल. वय चाळिशीचे, म्हणजे आमच्याच पंगतीतले. तो प्रोपेन वायूच्या दुकानात साहाय्यक व्यवस्थापक आहे. आपल्याकडच्या भाषेत गॅस एजन्सीचा माणूस. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्येही प्रोपेन असतो, ब्युटेनच्या सोबतीने. हँकला आपल्या व्यवसायाचा अपार अभिमान आहे. मांस भाजायचे ते प्रोपेनवर, कोळशावर भाजणारा माणूस चांगल्या घरातला नसावा, अशी त्याची श्रद्धा. अंगणातल्या हिरवळीवर त्याचे मुलापेक्षा काकणभर अधिकच प्रेम असेल. मुलगा बॉबी गुबगुबीत, खेळांत ढ आणि मोठेपणी विनोदवीर होऊ पाहणारा. बापाला त्याचे काय करावे कळत नाही. बायको पेगी शाळेत बदली शिक्षिका म्हणून स्पॅनिश शिकवते. तिला स्पॅनिश येत नाही. येत नाही, हे तिला सोडून सर्वांना कळते. एका भागात ती विद्यार्थ्यांची सहल मेक्सिकोत नेते आणि परत येताना तिथलीच एक मुलगी आपली समजून गाडीत घालून आणते. पुढे खटला उभा राहतो, आणि तिची सुटका होते ती न्यायालयात तिने स्वतःच्या स्पॅनिशमध्ये साक्ष दिल्यामुळे. ती ऐकल्यावर हेतूबद्दल शंका उरत नाही. भाषेच्या शिक्षकांनी हा भाग एकट्याने पाहावा.

मित्रांपैकी डेल ग्रिबल हा घरांतले कीटक मारण्याचा धंदा करतो आणि सरकार आपल्यावर पाळत ठेवून आहे असे मानतो. जगातले सारे कट त्याला दिसतात. बायकोचे जॉन रेडकॉर्नशी वर्षानुवर्षे चाललेले प्रकरण मात्र दिसत नाही, आणि त्याचा मुलगा दिवसेंदिवस रेडकॉर्नसारखा दिसू लागला आहे हेही दिसत नाही. साऱ्या गल्लीला ते ठाऊक आहे. कोणी बोलत नाही. बिल डॉटरीव्ह हा लष्करातला न्हावी, बायकोने टाकलेला. आणि चौथा बूमहावर.

बूमहावर बोलतो ते इंग्रजीच असते, पण त्यातल्या शब्दांच्या कडा झिजलेल्या असतात. एकच भरतीचा शब्द चारचारदा येतो, वाक्य सुरू होते तेथे संपत नाही, आणि सारे इतक्या वेगाने की आमच्यासारख्यांना सोडाच, अमेरिकनांनाही त्यातले चार आणे कळावे. पहिल्या दोन-तीन भागांत आम्ही दर वेळी भाचीला विचारले, “काय म्हणाला?” तिसऱ्या वेळी ती हसली आणि म्हणाली, “मामी, ते आपल्याला कळायचंच नसतं. त्यांना कळतं ना, बास.”

मग आम्ही लक्ष देऊन पाहू लागलो. खरेच, हँक, डेल, बिल यांपैकी कोणी त्याला ‘काय?’ म्हणून विचारीत नाही. तो बोलतो, ते मान डोलावतात, उत्तर देतात, कधी त्याच्या बोलण्याने गप्प होतात. त्याची नक्कल करून कोणी टाळी घेत नाही. पडद्याखालची अक्षरे वाचली की ध्यानात येते, हा माणूस पुष्कळदा चौघांत सर्वांत शहाणे बोलत असतो. हसू येते ते त्याच्या बोलण्याचे. पण हसणाऱ्याला त्याच क्षणी हेही कळते की गल्लीत उभे राहण्याची पात्रता नाही ती आपलीच. या मालिकेतला सगळा विनोद असाच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण तिचा कणा येथे आहे, असे आम्हांला वाटते. २००९ च्या सप्टेंबरात फॉक्सवर दाखवलेल्या अखेरच्या भागात बूमहावरचे पाकीट क्षणभर उघडे दिसते आणि आत टेक्सास रेंजरचा बिल्ला असतो. तेरा हंगाम आम्ही (म्हणजे प्रेक्षकांनी) त्याचे बोलणे ऐकून हसलो आणि हा माणूस पोटासाठी काय करतो, हे विचारण्याचे आम्हांला सुचलेही नव्हते.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. कारण सांगायला हवे.

आमच्या महाविद्यालयात एक शिपाई होते. त्यांना सगळे मामाच म्हणत. त्यांचे गाव दुष्काळी पट्ट्यातले, आणि त्यांची बोली आम्ही कोठेही छापलेली पाहिली नाही. दोन शब्दांमध्ये ‘आपलं त्ये ह्ये’ असे एक पालुपद ते इतक्या सहजपणे घालीत की मूळ वाक्य शोधण्यासाठी ऐकणाऱ्याला पदच्छेद करावा लागे. “सर, आपलं त्ये ह्ये, प्रिन्शिपालसायबांनी आपलं त्ये ह्ये, फाइल मागिटलीया,” अशी त्यांची दवंडी विभागात येई. बोलणे भरपूर. पाऊस, बोअरला लागलेले पाणी, एसटीचा वेळ, कोणाच्या तरी म्हशीचा आजार. चहा आणून ठेवला की ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहत आणि पंधरा मिनिटे बोलत. आम्हांला त्यांचे बोलणे आवडे. आम्ही त्यांतले शब्द वहीत टिपून ठेवीत असू. बोलीभाषेवर एक शोधनिबंध लिहावा असेही मनात होते.

२०११ च्या स्नेहसंमेलनात प्राध्यापकांनीही काही सादर करावे अशी टूम निघाली. विनोद शिकवणारे आम्ही. आमच्याकडे सगळे वळले. आम्ही एक नाट्यछटा लिहिली: गावाकडचा एक म्हातारा महाविद्यालयात मुलाची फी भरायला येतो आणि खिडकीशी बोलत राहतो. त्या म्हाताऱ्याच्या तोंडी आम्ही वहीतले सगळे शब्द घातले. पालुपदासह. एकाने लिहिले, दुसऱ्याने रंगमंचावर केले. कोणी काय केले ते सांगत नाही, दोष समाईक टिपणांसारखाच समाईक आहे. पहिल्या ‘आपलं त्ये ह्ये’ला सभागृह कोसळले. पुढची पाच-सहा मिनिटे मुले बाकांवर हात आपटत होती. ओळख पटायला कोणाला वेळ लागला नाही. मामा मागे दाराशी, पाण्याच्या जारजवळ उभे होते. तेही हसत होते. आम्ही ते पाहिले आणि आम्हांला बरे वाटले. त्यांनाही आवडले म्हणून.

दुसऱ्या दिवशी मामांनी चहा आणून टेबलावर ठेवला आणि ते गेले. तिसऱ्या दिवशीही. विचारले तर “नाही सर, काम आहे.” स्वच्छ, प्रमाण, ‘नाही’तल्या ‘ना’सकट. त्यांना प्रमाण मराठी येते हेच आम्हांला ठाऊक नव्हते. पुढची सहा वर्षे, २०१७ साली ते निवृत्त होईपर्यंत, ते आमच्याशी त्याच मराठीत बोलले, आणि गरजेपुरते बोलले. इतरांशी कसे बोलत ते आम्ही ऐकले नाही. आम्ही आलो की बोलणे थांबलेले असे.

निरोपसमारंभात त्यांच्या गावच्या एका गृहस्थांनी भाषण केले. त्यातून कळले की गावच्या सोंगी भजनात मामा तीस वर्षे सोंग काढीत होते. तलाठ्याचे, मास्तरचे, सावकाराचे. पंचक्रोशीत त्यांची सोंगे प्रसिद्ध होती. म्हणजे नक्कल म्हणजे काय हे त्या सभागृहात कोणाला कळत असेल तर ते दाराशी उभ्या असलेल्या माणसाला, रंगमंचावरच्या नव्हे. आम्ही त्यांचे टाळ्यांच्या गजरात अभिनंदन केले आणि घरी येऊन त्या विषयावर एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही.

टेक्सासातल्या त्या रात्री सात वर्षांनी बोललो. सोंगी भजनात ज्याचे सोंग निघते तो समोर सतरंजीवर बसलेला असतो; दुसऱ्या दिवशी पारावर तो परतफेड करू शकतो. मामांना आमची परतफेड करण्याची सोय नव्हती. माइक आमच्या हातात होता, हजेरीपत्रकही आमच्याच लोकांच्या हातात होते. अ‍ॅरिस्टॉटलचे ‘वेदना न देणारे व्यंग’ आम्ही वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो, पण वेदना होत नाही हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न ना आम्ही विचारला ना कोणा विद्यार्थ्याने.

बूमहावरची बाजू इतकी स्वच्छ आहे असेही नाही, हे नोंदवले पाहिजे. त्याचे बोलणे कोठून आले हे जज यांनीच सांगून ठेवले आहे. त्यांच्या आधीच्या ‘बीव्हिस अँड बट-हेड’ या मालिकेवर भडकलेल्या एका प्रेक्षकाने दूरध्वनीच्या उत्तरयंत्रावर निरोप ठेवला होता. निरोप रागाचा होता, पण त्यातले फारच थोडे कळत होते. तो आवाज जज यांच्या कानात राहिला आणि बूमहावर झाला. म्हणजे येथेही कोणी एक खरा माणूस आहे, त्याला न विचारता त्याची बोली उचललेली आहे. हे वाचल्यावर आम्हांला प्रथम सुटल्यासारखे वाटले, आणि लगेच त्या सुटकेची लाज वाटली. जज यांनी त्या आवाजाला तीन मित्र दिले, त्याचे बोलणे ऐकून घेणारी एक गल्ली दिली. आम्ही मामांच्या आवाजाला फी भरायच्या खिडकीशी उभे केले होते, आणि खिडकीतल्या कारकुनाला त्यांचे काहीच कळत नाही, हाच आमचा विनोद होता.

बाहेरच्या माणसाच्या कानांची ही परीक्षा मालिका पहिल्या भागापासून घेते. बॉबीच्या डोळ्यावर बेसबॉलचा चेंडू लागून डोळा काळानिळा होतो. गावात कुजबुज होते. आणि बाहेरून आलेला एक नवशिका समाजसेवा अधिकारी, टेक्सासातला रांगडा बाप मुलाला मारणारच, असे आधीच ठरवून चौकशीला येतो. भाग संपताना त्याला लॉस एंजेलिसला परत पाठवले जाते. आता गंमत अशी की ज्यांच्यावर येथे बोट ठेवले आहे ते शहरी, सुशिक्षित, उदार मनाचे लोक म्हणजेच या मालिकेचा पुष्कळसा प्रेक्षकवर्ग. ग्रामीण कथा वाचणारा पुण्या-मुंबईचा वाचकही असाच नव्हता का? मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर एकत्र कथाकथन करीत हिंडत तेव्हा सभागृहात कोण बसलेले असे, आणि ते नेमके कोणाला हसत, याचा अभ्यास कोणी करायला हवा. (या तिघांवर आमचा आक्षेप नाही. त्यांची माणसे कोणापुढे खाली मान घालीत नाहीत. आक्षेप आमच्या वाचनावर आहे.)

मात्र गल्लीचे अज्ञानही मालिका झाकत नाही. पहिल्याच हंगामात शेजारी लाओसचे एक कुटुंब राहायला येते. गृहस्थांचे नाव कान. मराठी वाचकाने येथे थांबून हसू नये, पुढे अधिक चांगली जागा आहे. हँक त्याला विचारतो, तुम्ही चिनी की जपानी? कान सांगतो, आम्ही लाओसचे. मग तो देश कोठे आहे, त्याच्या शेजारी कोण, लोकसंख्या किती, हे सारे भूगोलाच्या पुस्तकासारखे समजावतो. चौघे विचारात पडतात. आणि हँक पुन्हा विचारतो, म्हणजे चिनी की जपानी? आम्ही येथे मोठ्याने हसलो आणि मग हळूच थांबलो, कारण दोनच दिवसांपूर्वी बहिणीच्या शेजारच्या गृहस्थांना आमची भाषा मराठी, हे तीनदा सांगितल्यावर त्यांनी प्रेमाने विचारले होते, “म्हणजे हिंदीच ना?” आणि त्याआधी चाळीस वर्षे आम्ही, आमचे आईबाप आणि आमची सारी आळी विंध्याच्या खालच्या प्रत्येक परक्या माणसाला ‘मद्रासी’ म्हणत आलो होतो. पुढे हँकचा बाप कॉटन येतो. दुसऱ्या महायुद्धात नडग्या गमावून आखूड झालेला, तोंडाने घाण, जपान्यांचा कट्टर द्वेष्टा. तो कानकडे एकदा पाहतो आणि अचूक सांगतो: हा लाओसचा. सर्वांत पूर्वग्रहदूषित माणसाला सर्वांत नेमके ज्ञान असावे, या विसंगतीला आमच्या टिपणांतल्या तीन प्रकारांपैकी कोणत्या खणात टाकावे ते आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

आवाजाचा प्रश्न मात्र विनोदाने सुटणारा नव्हता. कानचा आवाज मूळ मालिकेत टोबी हस या गोऱ्या नटाने दिला होता, हेल काढून. ‘द सिम्पसन्स’मधल्या अपू या भारतीय दुकानदाराचा आवाजही हँक अझारिया या गोऱ्या नटाचाच. त्या हेलाचा भारतीय वंशाच्या मुलांना शाळेत किती उपद्रव झाला, यावर हरी कोंडाबोलू यांनी २०१७ साली एक माहितीपट केला आणि २०२० मध्ये अझारियांनी ते काम सोडले. आम्ही तो माहितीपट परत आल्यावर पाहिला. त्यात कोणी अपूच्या आवाजात बोलले की आमची नजर खाली जाई. २०२५ च्या नव्या भागांत कानचा आवाज रॉनी चिएंग या आशियाई वंशाच्या नटाकडे आला आहे. हे पुरेसे आहे का? आमचे दोघांचे यावर मतभेद आहेत. एकाच्या मते आवाज कोणाचा यापेक्षा त्या आवाजाला कथेत उत्तर देण्याचा हक्क आहे की नाही हे महत्त्वाचे, आणि कान तर पहिल्या दिवसापासून हँकला अडाणी म्हणून हिणवतो. दुसऱ्याचे म्हणणे असे, की हा युक्तिवाद नेमका तोच आहे जो २०११ साली आपण एकमेकांना ऐकवला होता: मामा हसत होते की.

मालिकेतला आम्हांला सर्वांत आवडलेला भाग १९९८ चा, नाताळचा. बिलला बायको, लेनोर, सोडून गेली आहे आणि दर नाताळला त्याचे दुःख उफाळते. या वेळी तो जीव द्यायला निघतो. मित्र आळीपाळीने पहारा करतात. मग एके दिवशी तो बायकोचे कपडे घालून, आपणच लेनोर आहोत असे बोलू लागतो आणि तसाच मेजवानीला जातो. लोक हसायला लागणार, इतक्यात हँक उठतो. हा तोच हँक, ज्याला मुलाला जवळ घेतानाही अवघडते, पुरुषाने कसे वागावे याविषयी ज्याची मते दगडावर कोरलेली. तो स्वतः बायकी पोशाख चढवून गावासमोर येतो, मीच लेनोर म्हणतो आणि परत येणार नाही हे बिलला तोंडावर सांगतो. बिल भानावर येतो. दाढीचे खुंट असलेले दोन चाळिशीचे बाप्ये बायकांच्या पोशाखात समोरासमोर उभे आहेत. दृश्य हास्यास्पद आहे आणि कोणाचीही चेष्टा होत नाही. हँकने सोंग काढले ते मित्राशेजारी उभे राहण्यासाठी. बर्गसाँच्या सिद्धान्ताचे येथे काय होते ते आम्ही पुढच्या वर्षी वर्गाला विचारणार आहोत. आमचे हृदय तरी भूल दिलेल्या अवस्थेत नव्हते. भाचीने निमूटपणे कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

सगळेच भाग असे नाहीत. शेवटच्या हंगामांत पेगीचा आत्मविश्वास तेच ते वळण घेतो, हँकचा मालक बक स्ट्रिकलंड येतो आणि जातो, कथा यांत्रिक होते. १९९९ साली ज्याला एमी पारितोषिक मिळाले त्या भागात प्रेमभंग झालेला बॉबी आपल्या शाकाहारी प्रेयसीसमोर बहात्तर औंसांचा, म्हणजे दोन किलोंचा गोमांसाचा तुकडा सूड म्हणून खातो. तो भाग चांगला आहे, पण आमच्या यादीत वर नाही. पाच आठवड्यांत आम्ही शंभराच्या आसपास भाग पाहिले असतील. नायगारा पाहायचा राहिला.

परत आल्यावर आम्ही एक गोष्ट केली. वर्गात ग्रामीण कथा वाचताना आवाज काढणे बंद केले. आमच्या त्या वाचनाची महाविद्यालयात ख्याती होती. दुसऱ्या शाखांची मुले येऊन मागे बसत. आता ती येत नाहीत. विभागातले एक सहकारी म्हणाले, तुम्ही अमेरिकेहून नीरस होऊन आलात. असेलही. बोलीतले संवाद आता ज्याच्या घरी ती बोली आहे त्याने वाचायचे ठरले, पण वर्गात कोणी हात वर करीत नाही. आपल्या घरी असे बोलतात, हे कबूल करायला कोणी तयार नाही. हे शिक्षण त्यांना कोणी दिले, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य आम्हांला झालेले नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भाचीचा निरोप आला, आर्लन पुन्हा सुरू झाले. दहा भाग. ते आम्ही दोन रात्रींत पाहिले. हँक आणि पेगी सौदी अरेबियात नोकरीची काही वर्षे काढून गावी परततात. बॉबी आता एकवीस वर्षांचा, डॅलसमध्ये स्वतःचे भोजनालय चालवणारा. बिल कित्येक दिवस घराबाहेर पडलेला नाही. डेलचा आवाज देणारा जॉनी हार्डविक २०२३ मध्ये वारला. काही भागांचे काम त्याने आधीच केले होते, पुढचा डेल टोबी हसच्या आवाजात बोलतो. कान सोडून तो डेलकडे आला, असे म्हणायचे. गल्ली आहे, कुंपण आहे, चौघे आहेत. बूमहावर बोलतो, आणि इतक्या वर्षांनी परत आलेला हँक पहिल्याच वाक्याला मान डोलावतो. त्याला काहीही विचारावे लागत नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही एका मौखिक परीक्षेहून परतताना तालुक्याच्या एसटी स्टँडवर बसलो होतो. पलीकडच्या बाकावर दोन म्हातारे पाठमोरे बसले होते आणि त्यांतला एक बोलत होता. शब्दाला शब्द लागून, मध्ये श्वास न घेता, हाताने हवेत म्हशीएवढे काहीतरी दाखवीत. ‘आपलं त्ये ह्ये’ दहादा आले, वीसदा आले. दुसरा मान डोलावीत होता, मध्येच मांडीवर थाप मारीत होता. आम्ही ऐकत राहिलो. निम्मे कळले नाही. वहीत टिपलेले शब्द तेवढे ओळखू आले. चौदा वर्षांपूर्वी जे आम्ही रंगमंचावर केले होते त्याच्याशी याचे साम्य फारच थोडे होते. आमच्या नकलेत पालुपद होते, हा वेग नव्हता, हा आनंद नव्हता.

गाडीची घोषणा झाली तसे मामा वळले. आम्ही उठून नमस्कार केला. बोलायचे ठरवलेले पुष्कळ होते. टेक्सासात त्या रात्री तर वाक्येही जुळवून ठेवली होती. मामांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि म्हणाले, “नमस्कार सर, नमस्कार मॅडम. बरे आहात ना?”